आंब्याच्या बागेसाठी चेनसॉ: वजन बघायचं की ताकद?

बागकर_राजापूर

मंडळी, सल्ला हवा आहे. हापूसची ६० कलमं, वय ४० ते ५०, माथा इतका दाटलाय की बुंध्याशी ऊन पोचत नाही. वर्षाला वीस झाडं या हिशेबाने माथा उघडायचा आहे. त्यातली सात-आठ अगदी म्हातारी आहेत, त्यांची पुनरुज्जीवनाची खोल छाटणी.

काम तीन तऱ्हेचं. एक, झाडावर चढून ४ ते ८ इंची फांद्या काढणं. चढणारा गडी एकच. दोन, खाली पडलेलं तोडून ढीग लावणं, त्यात १४-१६ इंची ओंडके येतील. तीन, वर्षातून एखाददुसरा वाऱ्याने पडलेला ऐन, किंजळ किंवा सुरू, बुंधा २०-२२ इंचांपर्यंत.

एका दुकानात ५८ सीसीची २२ इंची पट्टीवाली मशीन दाखवतात आणि म्हणतात, "ही एक घ्या, सगळं होईल." दुसरा म्हणतो ३२ सीसीची छोटी घ्या, गडी दमणार नाही. पहिली हातात धरली की मनगट खाली जातं, दुसरी खेळणं वाटते. वजन, ताकद आणि पाच वर्षं टिकणं, यात आधी काय धरायचं?

कानसवाला

सगळ्यात आधी कागदावरचं वजन विसरा. कंपन्या जे वजन छापतात ते पट्टी, चेन, पेट्रोल आणि ऑइल सोडून असतं. हातात येतं ते वेगळंच.

उदाहरण म्हणून स्टिल या कंपनीची एमएस २५० घ्या. ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, छापील वजन ४.६ किलो. त्यावर १६ इंची पट्टी आणि चेन मिळून किलोच्या आसपास, ४७० मिलीच्या टाकीत पेट्रोल म्हणजे साडेतीनशे ग्रॅम, चेनऑइल पावणेदोनशे. कामाला उभी राहिली की सहा किलोच्या वर. त्याच घरातली एमएस ३८२, ७२.२ सीसी, ३.९ किलोवॅट, छापील ६.२ किलो. २० इंची भरीव पट्टी लावून टाक्या भरल्या की साडेआठला टेकते. तुम्ही पाहिलेली ५८ सीसीवाली २२ इंची पट्टीसकट साडेसातच्या आसपास भरेल.

आता ताकद. किती किलो उचलले की एक किलोवॅट मिळतो, एवढा एकच भागाकार करा, छापील वजनावरच:

एमएस १८० (३१.८ सीसी, १.४ किलोवॅट, ३.९ किलो): २.८
एमएस २५०: २.०
एमएस २६१ (५०.२ सीसी, ३.० किलोवॅट, ४.९ किलो): १.६
एमएस ३८२: १.६
एमएस ५०० आय (७९.२ सीसी, ५.० किलोवॅट, ६.२ किलो): १.२४

बघा, सगळ्यात हलकी मशीन या हिशेबात सगळ्यात महाग पडते. १८० आणि २५० मध्ये फरक फक्त ७०० ग्रॅमचा, पण ताकद दीडपटीहून जास्त. १४ इंची ओंडक्यात ३२ सीसीची मशीन चालते, पण एका कापाला दुप्पट वेळ लागतो आणि तेवढा वेळ तुम्ही ती धरून उभे असता. थकवा वजनाने येतो तसाच वेळानेही येतो.

आणि वजन किती याइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं. २२ इंची पट्टीचं वजन हातापासून लांब टोकाला पडतं. मनगट खाली जातंय म्हणालात ना, ते इंजिनाने नाही, पट्टीने जातंय. पुढची दांडी एका हाताने धरून मशीन लोंबती ठेवून बघा. नाक किंचित खाली झुकलं तर ठीक. सरळ जमिनीकडे बोट दाखवायला लागलं तर पट्टी लांब आहे. सीसी कमी करायच्या आधी पट्टी कमी करा. आंब्याच्या बागेत २२ इंची पट्टी कशाला? १६ इंची पट्टीने दोन बाजूंनी कापून २४-२६ इंचांचा आडवा ओंडका सहज तुटतो.

पट्टीचा अंदाज असा धरा: ३०-३५ सीसीला १२ ते १४ इंच, ४५-५० ला १६ (मऊ लाकडात १८), ६०-७० ला २० ते २४. दुकानदार याच्यावर एक-दोन पायऱ्या चढवून देतात, कारण लांब पट्टी गिऱ्हाइकाला मोठी मशीन वाटते.

तुमच्या कामाला एक मशीन घ्यायचीच तर ४५-५० सीसी, १६ इंची. दोन जमत असतील तर दुसरी वर चढणाऱ्यासाठी. त्याबद्दल इथले जाणकार बोलतीलच.

घाटावरचा

५८ सीसीला इतकं झोडपू नका. आमच्याकडे बाभूळ, निलगिरी, सुबाभूळ सगळं त्याच मशीनवर पडतं. तालुक्याच्या बाजारात कार्ब्युरेटर मिळतो, हेड-पिस्टनचा सेट मिळतो, रिकॉइल (दोरी ओढायचा स्टार्टर) मिळतं, आणि कुठलाही पंप-इंजिनवाला मिस्त्री ती उघडतो. ब्रँडेड मशीनच्या पार्टसाठी चार दिवस थांबावं लागलं तर मजूर बसून राहतात. टिकाऊपणा म्हणजे फक्त न बिघडणं नाही, बिघडल्यावर संध्याकाळपर्यंत चालू होणंही त्यातच आलं.

कानसवाला

@घाटावरचा, पार्टचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण दोन गोष्टी खरेदीआधी समजून घ्याव्यात.

एक, डब्यावरचा ५८ हा आकडा. या मशीन एकाच जुन्या जपानी घडणीच्या नकला आहेत, आणि ४५, ५२, ५८ हे आकडे बऱ्याचदा स्टिकरचे असतात. बोअर आणि स्ट्रोक मोजा: ०.७८५ गुणिले बोअरचा वर्ग गुणिले स्ट्रोक, मापं सेंटिमीटरमध्ये. बोअर ४.५ आणि स्ट्रोक ३.४ भरला तर उत्तर ५४ येतं. किलोवॅटचा आकडाही तसाच सैल. म्हणजे साडेसात किलो उचलून मिळते ती साधारण ४५-५० सीसीच्या चांगल्या मशीनची ताकद.

दोन, या मशीन कुठे मरतात हे ठरलेलं आहे. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधला रबरी बूट तडकतो, तिथून फुकटची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन ओरखडतो. लक्षण सोपं: रेस सोडली तरी फेऱ्या लगेच खाली येत नाहीत, मशीन वरच रेंगाळते. असं दिसलं की कापणं थांबवा. बूट स्वस्त असतो, पिस्टन-सिलिंडर नसतं. त्यानंतर टाकीतली पेट्रोलची नळी, क्लचच्या स्प्रिंगा आणि ऑइलपंपाचं प्लॅस्टिकचं गिअर. हे चार पार्ट पहिल्या दिवशीच घेऊन डब्यात ठेवले तर ती मशीनही बरी चालते.

वजनाच्या वादात कुणी धरत नाही अशी तिसरी गोष्ट म्हणजे कंप. मागच्या मुठीवर एमएस २५० चा कंप सेकंदवर्गाला ६.८ मीटर छापलेला आहे, एमएस २६१ चा ३.५. युरोपात हाताला बसणाऱ्या कंपाची आठ तासांची सरासरी २.५ झाली की मालकाने उपाय सुरू करायचे, असा नियम आहे. त्या हिशेबाने पहिलीवर ती पातळी तासाभरात गाठली जाते, दुसरीवर चार तासांनी. वजनात फरक तीनशे ग्रॅमचा. बोटं पांढरी पडणं, रात्री मुंग्या येणं हे इथून येतं. दिवसभर मशीन चालवणारा गडी असेल तर हलकी-जड बघण्याआधी दांड्यांना स्टीलच्या स्प्रिंगा आहेत की नुसते रबरी गट्टू, ते बघा. नकली मशीनवर बहुधा कंपाचा आकडा छापलेलाच नसतो.

बेळक्यात_बसलेला

वर चढून करायच्या कामाबद्दल.

४ इंचांपर्यंतच्या फांद्यांना वर चेनसॉ नेऊच नका. वाकड्या पात्याची, ओढताना कापणारी हातकरवत, १३ इंची, वजन अर्ध्या किलोच्या आत. दोरी ओढून मशीन चालू करेपर्यंत फांदी खाली पडलेली असते. कापही स्वच्छ येतो. अंगठ्याएवढ्या ते दीड-दोन इंची फांद्यांचा खच असेल तर १० सेंटिमीटर पट्टीची बॅटरीवरची छाटणी-करवत येते, वजन सव्वा-दीड किलो. तिचा उपयोग तेवढाच, ती घेऊन ६ इंची फांदीशी झुंजू नका.

५ ते ८ इंचांना टॉप हँडल, म्हणजे मागची मूठ इंजिनाच्या वर असलेली मशीन. एमएस २०१ टी म्हणजे ३५.२ सीसी, १.८ किलोवॅट, ३.७ किलो. हुस्कवर्नाची टी४३५ म्हणजे ३५.२ सीसी, १.५ किलोवॅट, ३.४ किलो. पट्टी १२ किंवा १४ इंच, १४ च्या वर नको. या मशीनचा तोल वरच्या मुठीखाली असतो, म्हणून बेळक्यात अडचणीच्या जागी ती फिरवता येते. पण त्याच घडणीमुळे एका हाताने चालवायचा मोह होतो आणि घात तिथेच होतो. पट्टीच्या टोकाचा वरचा चतकोर फांदीला लागला की मशीन उसळी मारून चेहऱ्याकडे येते. दुसरा हात पुढच्या दांडीवर असेल तरच मनगट चेनब्रेकच्या कवचावर आपटून ब्रेक लागतो. शिकवलेल्या आणि दोराने बांधलेल्या माणसाशिवाय टॉप हँडल कुणाच्या हातात देऊ नये, जमिनीवर तर नाहीच.

बांधण्याबद्दल: कमरेला दोन आधार. एक मुख्य दोर, दुसरा बुंध्याभोवती घ्यायचा आखूड पट्टा, ज्याच्या आत पोलादी तार असते. नुसत्या दोरावर चेन एकदा निसटली की दोर आणि माणूस दोन्ही गेले. मशीन वेगळ्या आखूड पट्ट्याने कमरेला लटकती. ती खालूनच चालू करून, गरम करून, ब्रेक लावून आणि बंद करून वर ओढायची. वरच्या वर थंड मशीनची दोरी झटकत बसायचं नाही.

शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवणे हा प्रकार कोकणात सर्रास दिसतो. फांदी तुटली की तिचं बूड उसळतं आणि शिडीच उडवतं. खांद्याच्या वर मशीन उचलून कापणंही नको. त्यासाठी काठीवरची करवत असते.

आंब्याची ६-८ इंची फांदी एका कापात सोडली तर साल फाटत खोडापर्यंत येते. तीन काप घ्या. शेवटच्या कापाच्या जागेपासून फूटभर पुढे खालून पाव ते एक-तृतीयांश. मग त्याच्या दोन-तीन सेंटिमीटर पुढे वरून, फांदी पडेपर्यंत. उरलेला खुंट तिसऱ्या कापात, पाणी साचू नये असा किंचित उतार ठेवून. खालून कापताना चेन मशीनला तुमच्याकडे ढकलते, कोपर अंगाशी घट्ट ठेवा.

काप उघडे ठेवू नका, भिरूड (खोड पोखरणारा किडा) वाट बघत असतो. दहा टक्के बोर्डो पेस्ट म्हणजे मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र. धातूच्या भांड्यात करू नका, प्लॅस्टिकची बादली घ्या.

बागकर_राजापूर

भरपूर मिळालं, आभार. म्हणजे जमिनीवर ४५-५० सीसी, वर टॉप हँडल आणि हातकरवत, असं धरतो.

अजून दोन शंका. पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोलच मिळतं. त्यात टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल किती घालायचं यावर गावात तीन जणांची चार मतं आहेत. आणि शेजाऱ्याकडची मशीन सकाळी एका झटक्यात सुरू होते, वीस मिनिटं कापते आणि मग बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. मिस्त्री कार्ब्युरेटर बदल म्हणतो. अशी भानगड नव्या मशीनला होऊ नये म्हणून काय करायचं?

टूटी_मास्तर

कार्ब्युरेटर बदलायच्या आधी फुकटच्या तपासण्या करा, याच क्रमाने.

बंद पडली की लगेच पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि मशीन सुरू झाली, तर टाकीचा श्वास बंद आहे. पेट्रोल जातं तेवढी हवा आत आली पाहिजे, नाहीतर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल वर चढत नाही. व्हेंट साफ करा, नाहीतर बदला, चिल्लर खर्च आहे.

आवाज नाही आला तर प्लग काढून, टोपीला लावून, सिलिंडरला टेकवा आणि दोरी ओढा. पेट्रोलची टाकी आणि प्लगचं भोक यांपासून दूर. ठिणगी गायब असेल आणि गार झाल्यावर परत येत असेल तर कॉइल गेली. नवी बसवताना मॅग्नेट आणि कॉइलमध्ये व्हिजिटिंग कार्डाएवढी फट ठेवा, ०.२ ते ०.३ मिलिमीटर. प्लगची फट ०.५.

ठिणगी चांगली असेल तर टाकीतला फिल्टर हुकने बाहेर ओढा आणि नळी वाकवून बघा, बारीक चिरा दिसतील. नळी टाकीच्या भोकातून आत शिरते तिथे हमखास.

तरीही नाही, तर सायलेन्सरचे बोल्ट काढून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन बघा. उभे ओरखडे असतील तर तापल्यावर कॉम्प्रेशन पडतंय. साधी परीक्षा: मशीन बंद ठेवून नुसत्या दोरीच्या मुठीने उचला. थांबत थांबत, आचके देत खाली आली तर बरं. सर्रकन खाली गेली तर हेड-पिस्टन. गेजवर चांगली मशीन १४०-१६० पीएसआय दाखवते, १०० च्या खाली सुरू करताना घाम निघतो. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत ते नीट बघून ठेवा. एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर ऑइल कमी, मिश्रण पातळ किंवा पंख्याच्या फटी भुशाने बुजल्या. कार्ब्युरेटरच्या बाजूला असतील तर एअर फिल्टरमधून धूळ गेली. कारण न शोधता नवा सेट टाकला तर तोही तसाच जाणार.

मे महिन्यात उन्हात ठेवलेल्या मशीनमध्ये पेट्रोलची वाफ अडकूनही हेच होतं. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, विश्रांतीत मशीन सावलीत ठेवा. भर जोरात कापून लगेच बंद करू नका, अर्धा मिनिट हळू चालू दे.

आता मिक्स. स्टिल, हुस्कवर्नासारख्या मशीनला त्यांचं किंवा जेएएसओ एफडी दर्जाचं ऑइल असेल तर ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली, ५ लिटरच्या कॅनला १००. साधं जुन्या स्कूटरचं टूटी असेल तर २५:१, लिटरला ४० मिली. नकली मशीनच्या पुस्तिकेतही बहुधा २५:१ च असतं, तिथे वाद नको. "थोडं जास्त घातलं तर काय बिघडतं?" बिघडतं. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काजळीने बुजते आणि मशीन हळूहळू दमते. लोक तेव्हा कार्ब्युरेटर फिरवायला घेतात. जाळी काढून तारेच्या ब्रशने घासली की ताकद परत. झाकण भरून अंदाजाने ओतणं बंद करा, मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवून मग उरलेलं पेट्रोल.

ई२० ची गोष्ट अशी. निव्वळ पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. म्हणजे २० टक्के इथेनॉल असलं तर तेवढ्याच हवेत ८-९ टक्के जास्त इंधन जायला हवं. जुन्या सेटिंगवर मशीन पातळ चालते, आवाज तीक्ष्ण होतो, लोकांना वाटतं वा, काय पळतेय. ती पळत नसते, भाजत असते. स्टिलच्या पुस्तिकांत हाताने सेट करायच्या कार्ब्युरेटरला १० टक्के इथेनॉलची मर्यादा दिलेली आहे, आणि एमट्रॉनिकवाल्या, म्हणजे स्वतः मिश्रण जुळवणाऱ्या मशीनला २७ टक्क्यांपर्यंत. नवी घेताना पैसे पोचत असतील तर या एका कारणासाठी एमट्रॉनिक घ्या.

हाताने सेट करायची असेल तर आधी फिल्टर साफ, चेन धारदार, मशीन गरम. एल स्क्रू आयडलचा, एच भर रेसचा, एलए नुसत्या आयडल फेऱ्यांचा. एच थोडा उघडा, फेरीचा आठवा हिस्सा एका वेळी. भर रेसला, लाकडाबाहेर, आवाज किंचित फाटका, गुरगुरता यायला हवा आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ व्हायला हवा. लाकडाबाहेरच स्वच्छ सूं आवाज येत असेल तर पातळ आहे. शेवटी एलए असा ठेवा की आयडलला चेन हलता कामा नये. बऱ्याच छोट्या मशीनवर बाहेरून फक्त एलएच मिळतो, तिथे तुमच्या हातात फक्त ताजं पेट्रोल आणि नीट मोजलेलं ऑइल.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणात पाण्याची कमी नाही. मिक्स दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढंच करा, कॅन काठोकाठ भरून घट्ट झाकणाचा. आठवड्याच्या वर मशीन ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत आयडलला चालवा. पावसाळाभर पेट्रोलसकट ठेवलेल्या मशीनच्या कार्ब्युरेटरमधला पडदा कडक होतो, ऑक्टोबरात दोरी ओढून खांदा जातो. तेव्हा मात्र कार्ब्युरेटरचा पडद्यांचा किट टाकावा लागतो. अख्खा कार्ब्युरेटर तरीही नाही.

घाटावरचा

चेनऑइलबद्दल एक भर. इंजिनातलं काढलेलं काळं ऑइल पट्टीला घालू नका, सगळे घालतात तरी. त्यातला धातूचा कीस पंप खातो, आणि पट्टीची खाच रुंद होते. चिकट चेनऑइल महाग वाटत असेल तर नवं २०डब्ल्यू-४० घाला, चेनऑइलएवढं चिकटत नाही पण घाण नसते. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत ऑइलची टाकी जवळजवळ संपलीच पाहिजे. अर्धी राहिली तर पट्टीवरचं ऑइलचं भोक चोंदलंय.

कानसवाला

धार राहिली. खरं तर वजन-ताकदीच्या अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. बोथट चेनवर ७२ सीसीही रडते.

चेन विकत घेताना तीन आकडे लागतात: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (खालच्या दात्याची जाडी) आणि खालच्या दात्यांची, म्हणजे ड्राइव्ह लिंकची, संख्या. पट्टीच्या बुडाशी कोरलेले असतात. "१६ इंची द्या" एवढ्यावर आणलेली चेन बसेलच असं नाही.

कानस पिचप्रमाणे (पिच इंचांत): तीन-अष्टमांश लो प्रोफाइलला ४.० मिलिमीटर, .३२५ ला ४.८, पूर्ण तीन-अष्टमांशला ५.२ किंवा ५.५. कोन ३० अंश. ऐन किंवा सुकलेली बाभूळ असेल तर २५ वर या, धार जरा हळू कापते पण टिकते. एकाच दिशेने, आतून बाहेर, दोन-तीन हात. मागे येताना कानस उचलायची. आधी सगळ्यात झिजलेला दात शोधा आणि बाकीचे त्याच्या लांबीला आणा, नाहीतर काप एका बाजूला वळत जातो.

दाताच्या पुढचा जो उंचवटा असतो तो दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. तीन-चार वेळा धार लावल्यावर उंचवट्याचा मोजपट्टी-गेज ठेवून चपट्या कानशीने उतरवा. विसरलात तर चेन धारदार असूनही नुसती घसरते. जास्त उतरवलात तर दात लाकडाला चावा घेतो, आचके बसतात, क्लच तापतो आणि उसळीचा धोका वाढतो.

पारख भुशावरून. पायाशी नखाएवढ्या कपच्या पडत असतील तर चालू द्या. पिठासारखा भुगा पडायला लागला की थांबा, मशीन दाबू नका.

घेताना गोल कोपऱ्याच्या दातांची, म्हणजे सेमी-चिझल, चेन घ्या. चौकोनी कोपऱ्याची फुल-चिझल ओल्या स्वच्छ लाकडात जास्त वेगाने जाते, पण सालीत माती असली किंवा ओंडका जमिनीला लागला की पहिल्या मिनिटात तिचा कोपरा जातो. बागेत ओंडके मातीतच पडलेले असतात. साग आणि नारळ दोन्ही धार खातात. सागात वाळूचाच, म्हणजे सिलिकाचा, अंश असतो. नारळाचं बाहेरचं कवच कठीण, आतला गाभा तंतूंचा. ते तंतू स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणात गुंडाळून बसतात, दर टाकीला झाकण काढून उपसा.

आंब्याचा चीक पट्टीवर घट्ट बसतो. संध्याकाळी चेन रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून ब्रशने घासा, पुसून ऑइल लावा. धार लावली की दर वेळी पट्टी उलटी करून बसवा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. दोन चेन आळीपाळीने वापरा आणि त्या संपल्या की स्प्रॉकेट बदला. जुन्या स्प्रॉकेटवर नवी चेन टाकली तर ती महिन्यात जुनी होते.

आणि ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. छाटणी वेगळी, पण उभं झाड बुंध्यातून काढायचं असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढा.

बागकर_राजापूर

नोंद केली. शनिवारी मशीन घ्यायला जातोय. दुकानातच काय काय तपासून घेऊ?

टूटी_मास्तर

डबा उघडून मशीन तिथेच सुरू करायला लावा, पेट्रोल त्यांचं. थंड मशीन चोकवर दोन-तीन झटक्यांत भडकून बंद पडायला हवी आणि चोक काढल्यावर एक-दोन झटक्यांत चालू राहायला हवी.

आयडलला चेन स्थिर. रेस सोडल्यावर फेऱ्या लगेच खाली. अर्ध्या रेसला चेनब्रेक ढकला, चेन जागच्या जागी थांबली पाहिजे. मग पट्टीचं टोक पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर वीतभर अंतरावर धरून अर्धी रेस द्या. ऑइलची बारीक रेघ उमटली तर पंप चालतोय. नाही उमटली तर मशीन दुकानातच राहू दे.

मशीन बंद करून चेन हाताने फिरवा. हातमोजा घालून. सहज फिरली पाहिजे आणि पट्टीच्या खाली लोंबता कामा नये. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात दोनदा ढिली होते, ताणताना पट्टीचं टोक वर उचलून धरा आणि मगच नट आवळा. गरम चेन ताणून तशीच रात्रभर ठेवू नका, गार झाल्यावर आखडते आणि क्रँकच्या बेअरिंगवर ओढ बसते.

बिलावर मशीनचा नंबर लिहून घ्या. सोबत दुसरी चेन, गोल कानस दोन, उंचवट्याचा गेज, पेट्रोलचा फिल्टर आणि एक प्लग घ्या. मांडीच्या पुढे बांधायचं चेनरोधक कापड, जाळीचं हेल्मेट आणि कानाचे मफलर त्याच दिवशी घ्या, नंतर घेऊ म्हटलं की राहतं.

बेळक्यात_बसलेला

आणि टॉप हँडल घेताना चढणारा गडी सोबत न्या. त्याच्या मुठीत रेसची कळ बसते का, हातमोजा घालून चोकचा खटका फिरतो का आणि पट्टा अडकवायची मागची कडी घट्ट आहे का, हे त्यालाच बघू दे.